शेवटची चार पानं

यंदा जुलैत तिकिटं तिप्पट झाली.
विद्याधरनं आकडे दोनदा तपासले, लॅपटॉप मिटला,
म्हणाला, राहू या इथेच.
मी बरं म्हटलं. रुसले नाही.
म्हणजे, एक दिवस रुसले.

सोहारात उन्हाळ्यात गिझर बंद ठेवायचा असतो.
गच्चीवरची टाकी दिवसभर तापत राहते,
निळ्या ठिपक्याचा नळ हात पोळतो
आणि गार पाणी येतं लाल ठिपक्यातून.
अकरा वर्षांत हा उलटा हिशेब इतका अंगवळणी पडलाय
की सांगलीला गेले की पहिल्या दिवशी
मी हमखास भाजून घेते.

शाळेला सुट्टी. दुपारी पडदे ओढायचे,
फरशीवर उताणं पडायचं, पोटावर पुस्तक.
पुस्तक म्हणजे ओट्याखालच्या कपाटात
आधीच्या भाडेकरूनं विसरलेलं, मुखपृष्ठ नसलेलं.
त्यात एक पोस्टमन, त्याच्याकडून हरवलेलं एक पाकीट,
आणि ते शोधत त्यानं पालथी घातलेली नऊ गावं.
समासात पेन्सिलीनं: दूध ६००, खुबूस १००.
एकशेबाराव्या पानावर नुसतंच: इथे रडू आलं.
मी तिथे थांबून पाहिलं.
मला नाही आलं. दुसऱ्यांदा वाचताना आलं.

मग कुंजुमोननं त्याचा तंबू दिला,
एक दांडी मोडलेली, तिच्या जागी प्लंबिंगचा पाइप.
भाड्याच्या फोर-व्हीलमध्ये निषाद पुढे बसला
आणि काट्यावरचे आकडे मोठ्यानं वाचू लागला:
बहल्याच्या पंपावर, करक घेताना, सत्तेचाळीस.
अल हमरा मागे पडलं तेव्हा त्रेचाळीस.
मग वळणं, धूळ, कानात दडे,
छत्तीस,
एकतीस,
आणि जबल शम्सच्या माथ्यावर, सूर्य कलल्यावर, चोवीस.
जुलैत स्वेटर मागणारं माझं पोर
मी पहिल्यांदाच पाहिलं.
स्वेटर आणलाच नव्हता. चादरीत गुंडाळलं.

रात्री दरीच्या कडेपासून बऱ्याच अंतरावर
(अंतर मी ठरवलं)
टॉर्चच्या उजेडात मी पोस्टमन वाचून दाखवला.
विद्याधर, जो वीजबिलापलीकडे काही वाचत नाही,
आठव्या गावाला उठून बसला.
नवव्या गावाला म्हणाला, थांबू नकोस.
पण घसा बसला होता.
चारच पानं उरली होती, म्हटलं सकाळी.

सकाळी तंबूबाहेर एक शेळी उभी,
काळी, एका कानाला पांढरा डाग,
शांतपणे चघळत.
तिच्या ओठाच्या कडेला
"आणि" एवढाच शब्द लोंबत होता.
तोही गेला.

धावत आलेल्या म्हाताऱ्याचं नाव सैफ.
शेळीला त्यानं शिव्या दिल्या, आम्हाला खजूर,
नुकते पिकलेले, अर्धे पिवळे, अर्धे तपकिरी,
आणि विचारलं, काय लिहिलं होतं त्यात?
माझी अरबी किराणा दुकानातली.
तरी हातवारे करून सांगितलं:
पोस्टमन. एक पत्र. हरवलं. नऊ गावं.
सापडलं का ते माहीत नाही,
ते तुमच्या शेळीला माहीत.

सैफनं काठीवर हनुवटी टेकवली,
दरीकडे पाहत बराच विचार केला,
आणि अगदी गंभीरपणे म्हणाला,
नऊ गावांत शेळ्या होत्या का?
होत्या, मी म्हटलं. असणारच.
मग, तो म्हणाला, तुमच्या माणसाला सांगा,
पत्र शोधू नकोस, घरी जा.

उतरताना निषादनं आकडे वाचले नाहीत.
झोपला होता, मुठीत खजुराची बी.
मी पर्समधून पेन्सिल काढली,
अर्धवट फाटलेल्या शेवटच्या पानावर,
गाडी हादरत असताना, वाकड्या अक्षरात,
पुढे या घरात जे कोणी राहायला येतील त्यांच्यासाठी लिहिलं:
तंबू कुंजुमोनकडे मिळतो.
गार पाणी लाल नळाला.
आणि इथून पुढचं
शेळीला विचारा.